शापोआचा (शालेय पोषण आहाराचा) चार्ज आलाय? आधी वजनकाटा शोधा

जूनमध्ये बदल्या होतात, आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या नव्या सरांच्या किंवा बाईंच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, दोन-तीन फुगलेल्या वह्या आणि एक वाक्य पडतं : "पोषण आहार आता तुमच्याकडे." मुख्याध्यापक एवढं बोलून केंद्रशाळेच्या मीटिंगला निघून जातात. डी.एड.ला खिचडीचा पेपर नसतो. मलाही चौदा वर्षांपूर्वी हे काम असंच मिळालं. तेव्हा कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं ज्या ज्या ठिकाणी वाटलं, तेवढंच इथे लिहिते आहे. जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा, शाळेतच चूल किंवा गॅस, स्वयंपाकाला एक-दोन मावशी, असं चित्र डोळ्यांपुढे ठेवून हे वाचा. शहरात केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात. तिथे शिजवण्याचा भाग तुमच्याकडे नसतो, पण मोजणं, चव घेणं आणि लिहिणं तिथेही चुकत नाही.

योजनेचं नाव बदलत आलंय. सप्टेंबर २०२१पासून कागदावर 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' आहे. तालुक्याला फोन केलात तर सगळे अजून 'शापोआ'च म्हणतात, आणि पोरं 'खिचडी'. सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ची. तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. ज्याची हजेरी ८० टक्के, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. मी स्वतः तिसरी-चौथीत ती पिशवी डोक्यावर घेऊन गेलेली आहे. तो तांदूळ घरातल्या सात माणसांत चार दिवसांत संपायचा. माझ्या ताटात किती आला, ते कोण मोजणार? २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धान्य वाटू नका, शाळेत शिजवून वाढा. आज आपण जी पंगत बसवतो ती त्या आदेशातून आली आहे. पुढे २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ने तो मुलांचा हक्कच झाला.

हक्क म्हटल्यावर एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यात पक्की करा. शासकीय, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या पटावर असलेलं प्रत्येक मूल लाभार्थी आहे. बालवाटिकाही (पहिलीच्या आधीचा वर्ग) आता यात आली. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यातलं काही लागत नाही. आधार नाही म्हणून कुणाला ताटावरून उठवता येत नाही. गरजू कोण, हे आपण ठरवायचंच नाही. सरपंचाचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच सतरंजीवर बसतात, त्यामुळे जेवायला बसणं कुणालाच कमीपणाचं वाटत नाही. नववी-दहावी आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र योजनेबाहेर आहेत. गावातले पालक हे विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

चार्ज घेताना

चार्ज वहीवर घेऊ नका, काट्यावर घ्या. साठा नोंदवहीत शेवटची शिल्लक '१८६ किलो तांदूळ' असेल, तर कोठीतला तांदूळ बाहेर काढून मोजा. तूरडाळ, मूगडाळ, मटकी, चवळी, वाटाणा, तेलाच्या पिशव्या, जिरं, मोहरी, हळद, तिखट, मीठ, मसाला, सगळं मोजा. लाज वाटते हे मला माहीत आहे. आधीचे गुरुजी समोर उभे असतात, चहा मागवलेला असतो, 'अहो, आपलंच आहे' असं म्हणून पाठ थोपटली जाते. मी त्या चहाला भुलले होते. सही केली, आणि पंधरा दिवसांनी कळलं की वहीत आहेत त्यापेक्षा कोठीत ३१ किलो तांदूळ कमी आहे. कुणी नेला असं नाही. माप न लावता अंदाजाने शिजवत गेले आणि वहीत ठरलेला आकडा लिहीत गेले, एवढंच. पण सही झाल्यावर ती तूट माझी झाली.

मोजून कमी भरलं तर भांडू नका. 'प्रत्यक्ष शिल्लक इतकी, वहीप्रमाणे इतकी, फरक इतका' अशी ओळ दोघांच्या सह्यांनी त्याच पानावर लिहा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या.

काटा बहुतेक शाळांत असतो, पण तो कपाटावर खोक्यात असतो आणि त्याची बॅटरी गेलेली असते. बॅटरी आणा. पहिल्या दिवशी एक किलोचं सीलबंद मिठाचं पाकीट ठेवून काटा तपासा. त्यानंतर एक स्टीलचा डबा घ्या, त्यात मोजून दोन किलो तांदूळ ओता आणि वरच्या पातळीला बाहेरून खिळ्याने रेघ मारा. तसंच डाळीसाठी एक लहान डबा. रोज सकाळी परिपाठाच्या गडबडीत मावशी काटा काढणार नाहीत, पण रेघेपर्यंत डबा भरतील.

किती शिजवायचं

प्रमाण पाठ करून टाका, रोज लागतं. पहिली ते पाचवी : दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवी : तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात ग्रॅम. यातून लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे.

समजा सातवीपर्यंतची शाळा. आज पाचवीपर्यंतची ५४ आणि सहावी-सातवीची २३ मुलं हजर. तांदूळ ५.४ अधिक ३.४५, म्हणजे ८ किलो ८५० ग्रॅम. डाळ १ किलो ७७० ग्रॅम. तेल साधारण ४४२ ग्रॅम, भाजी ४ किलो ४२५ ग्रॅम. महिन्यात २२ दिवस शाळा भरली तर याच हजेरीला १९५ किलोच्या आसपास तांदूळ लागतो, म्हणजे ५० किलोची चार पोती. मागणी पाठवताना हा आकडा हाताशी असू द्या.

हजेरी घेतल्याशिवाय तांदूळ काढायचा नाही, हा आमच्या शाळेतला नियम. वर्गनायक पंधरा मिनिटांत आकडा आणून स्वयंपाकखोलीच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. तोच आकडा मावशी बघतात आणि तोच संध्याकाळी वहीत जातो. दुसरा आकडा शाळेत कुठे असताच कामा नये.

आता खरी परिस्थिती. पहिलीतलं पोर शंभर ग्रॅम तांदळाचा भात खात नाही. शिजून तो तिप्पट होतो, त्याच्या वाटीत मावत नाही. पाचवीतला, सकाळी कोरा चहा पिऊन आलेला मुलगा मात्र दोनदा घेतो. म्हणून शिजवायचं प्रमाणाने आणि वाढायचं भुकेने. 'शंभर ग्रॅम झालं, आता नाही' असं कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही.

माल उतरताना

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून उचलला जातो आणि पुरवठादार तो शाळेच्या दारात आणून देतो. ग्रामीण भागात डाळी, तेल, मसाला हेही बहुधा त्याच गाडीतून येतं. गाडी येते ती नेमकी तुम्ही गणिताचा तास घेत असताना. चालकाला अजून नऊ शाळा करायच्या असतात. तो पावत्या पुढे करतो आणि म्हणतो, "बाई, सही तेवढी करा, पोरं पोती उतरवतायत."

सही शेवटी. आधी प्रत्येक पोतं काट्यावर. एखाद-दुसरं नाही, प्रत्येक. बारदानाचं वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त असतं, म्हणजे ५० किलोचं भरलेलं पोतं साडेपन्नासच्या वरच दिसलं पाहिजे. पोत्याच्या शिवणीकडे बघा. कारखान्याची शिवण यंत्राची आणि एकसारखी असते. हाताने सुतळी घातलेली दिसली तर ते पोतं मधे कुठेतरी उघडलंय. मी पहिल्याच वर्षी न मोजता सहा पोती घेतली होती. नंतर मोजली तर त्यात मिळून नऊ किलो कमी. पुढच्या वेळी काटा ओट्यावर आणून ठेवला, एवढंच केलं. वजन बरोबर भरलं. त्यानंतर चालकच गाडीतून उतरताना विचारायचा, "काटा कुठाय?"

कमी असेल तेवढं पावतीच्या दोन्ही प्रतींवर लिहून मग सही. खराब, ओला, जाळी धरलेला माल परत. तेल आणि तिखट-हळदीच्या पाकिटांवर तारखा बघा. मुदत महिनाभरात संपत असेल तर तसं लिहा आणि बदलून मागा. माल उतरवताना मुलांना पोती उचलायला लावू नका. वर्षानुवर्षं तसं चालत आलंय म्हणून ते बरोबर ठरत नाही.

'प्लास्टिकचा तांदूळ' याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण हा प्रश्न तुमच्यापुढे पहिल्याच महिन्यात येणार. शाळेत येणारा तांदूळ गुणसंवर्धित असू शकतो. साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा वेगळा बनवलेला असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून त्याला पुन्हा तांदळाचा आकार दिलेला. तो दाणा थोडा वेगळ्या रंगाचा दिसतो, धुताना पाण्यावर तरंगतो. मावशी निवडताना नेमके तेच दाणे खडे समजून बाजूला काढतात, नाहीतर ते पहिल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच बाहेर. पालकसभेत मूठभर तांदूळ ताटात पसरून हे दाणे दाखवा आणि समोर शिजवा. फेकलेल्या पाण्यातून जीवनसत्त्व जातं हे मावशींना एकदा समजलं की त्या बाकीच्यांना सांगतात.

कोठी आणि मावशी

कोठीबद्दल थोडक्यात. पोती फरशीवर नको, लाकडी फळ्यांवर. भिंतीपासून हातभर लांब. आधी आलेलं पोतं आधी संपवा, त्यासाठी पोत्यावर खडूने तारीख घाला. पावसाळ्यात सोंडे होतातच. सुकवलेला कडुनिंबाचा पाला घाला, ऊन पडलं की तांदूळ वाळवा. किडे मारायची पावडर, गोळ्या, फवारणीचं औषध यातलं काहीही कोठीत शिरता कामा नये. शाळेच्या बागेसाठी आणलेलंसुद्धा नाही. याचं कारण पुढे येतंय.

मावशी किती, याचाही नियम आहे. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० ला दोन, पुढे दर शंभराला आणखी एक. योजनेत त्यांचं नाव 'स्वयंपाकी तथा मदतनीस' आणि मानधन अडीच हजार रुपये महिना, तेही वर्षातले दहा महिने. दिवसातले चार-पाच तास, सत्तर-ऐंशी पोरांचं रांधणं, वाढणं, भांडी, झाडलोट. अडीच हजार. ते मानधन दोन-तीन महिने थांबलं की मावशी कामावर येतात त्या सवयीने आणि पोरांच्या ओढीने. तुम्ही ते वाढवू शकत नाही, पण त्यांच्या हजेरीचा अहवाल दर महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत वर पाठवणं तुमच्या हातात आहे. तो तुमच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिला तर त्या घरातला किराणा आठवडाभर थांबतो. बँक खातं आणि आधार जुळलेलं आहे का, तेही एकदा बघून घ्या. पैसे अडकण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

मावशींना 'अहो मावशी' म्हणा. मुलांसमोर त्यांना बोलू नका. त्यांची आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घ्या, नखं-एप्रन-टोपीचं सांगा, पण सांगताना आपणही हात धुऊन आत जा. आणि मावशींच्या हातचं जेवायला एखाद्या घरातून नकार आला, कुजबुज सुरू झाली, तर त्या दिवशी शिक्षकांनी सगळ्यांत आधी पंगतीत बसून जेवायचं. मी हे दोनदा केलंय. पालकांशी बोलणं नंतर करता येतं.

कडधान्याला मोड आणणं हा नव्या माणसाला छोटा वाटणारा पण रोजचा घोळ आहे. शाळा पाचला बंद होते, मावशी घरी भिजत घालायला कडधान्य नेऊ लागतात, मग 'माल घरी नेतात' अशी तक्रार येते. आमची पद्धत अशी : बुधवारची मटकी मंगळवारी सकाळी दहाला, मुलांचं शिजायला टाकल्यावर लगेच भिजत घालायची. संध्याकाळी शाळा बंद करताना निथळून पंचात बांधून पातेल्यात ठेवायची, वर झाकण, झाकणावर दगड. बुधवारी सकाळी अर्धा बोट मोड आलेले असतात. थंडीत ते येत नाहीत, तेव्हा एक दिवस आधी भिजवा. दगड विसरू नका. उंदरांना मटकी आवडते.

चव

मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि शक्य तर एका पालकाने खायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. जवळजवळ प्रत्येक शाळेत ही वही एका बैठकीत महिन्याची लिहिलेली असते : चांगली, चांगली, चांगली, उत्तम, चांगली. शाईसुद्धा एकच.

१६ जुलै २०१३ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामण गावातल्या शाळेत मुलं जेवली आणि त्यातली २३ दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाला वेगळाच वास येतोय, हे स्वयंपाकिणीच्या लक्षात आलं होतं, असं नंतर समोर आलं. तिचं ऐकलं गेलं नाही. म्हणून कोठीत फवारणीचं औषध नको, कशाचाही रिकामा डबा तेलासाठी नको, आणि मावशी म्हणाल्या की "बाई, आज तेल उग्र लागतंय", तर तिथेच गॅस बंद. चर्चा नको. त्या दिवशी भात वाया गेला तर जाऊ दे.

चव म्हणजे चमचाभर जिभेवर ठेवणं नव्हे. एक वाटीभर घेऊन बसून खा. मीठ, कच्चेपणा, डाळीला येणारा खवट वास, खडा. आणि लिहा तेच जे होतं : 'वाटाणा कच्चा, दहा मिनिटं परत शिजवला.' अशी एक ओळ असलेली वही अधिकारी बघतात तेव्हा बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवतात. वाढण्याआधी त्या दिवशीच्या जेवणाचा नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात काढून, तारखेची चिठ्ठी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. काही घडलं तर तपासायला काहीतरी हातात असतं. एखाद्याला उलटी झाली तर 'उन्हाने झालं असेल' म्हणत वाट बघू नका. वाढणं थांबवा, १०८ला फोन करा, मग मुख्याध्यापक आणि पालकांना कळवा. ह्याच क्रमाने.

पंगत

हात धुवायला साबण आणि रांग. तांब्याने पाणी घालायला मोठी मुलं. ताटल्या शाळेच्या असतील तर उत्तम. घरून आणायला सांगितलं की दोन-तीन मुलं रोज 'विसरतात', आणि त्यांच्या घरात जास्तीची ताटली नसते. स्नेहसंमेलनाच्या पैशांतून आम्ही ऐंशी ताटल्या घेतल्या, तेव्हा कुठे हे विसरणं थांबलं.

तुमच्याकडे एक अवघड पाहुणा येईल : पटावर नसलेलं भावंड. आई-बाप रानात, म्हणून तिसरीतली ताई दोन वर्षांच्या बाबूला कमरेवर घेऊन शाळेत येते. तो अंगणवाडीत जाऊन बसायच्या वयाचाही नाही. पंगतीत तिच्या ताटात जेवतो. नियमाने त्याच्यासाठी धान्य नाही, आणि वहीत त्याला कधीही दाखवू नका. पण बाबूला उठवायला मी कुणाला सांगणार नाही. पहिलीवाल्यांच्या न संपणाऱ्या शंभर ग्रॅममध्ये तो बसतो. सोबतच अंगणवाडी ताईंना त्याच्या घरी जायला सांगा. सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार तिकडून मिळतो.

उपास, डबा आणणारी मुलं, 'मला आवडत नाही' म्हणणारी मुलं यांना जबरदस्ती नको. फक्त त्यांना त्या दिवशीच्या लाभार्थ्यांत मोजू नका. हजर ७७, जेवले ७१, तर वहीत ७१. आणि रोजच्या जेवणाची नोंद करायच्या एमडीएम ॲपवरही ७१.

इथेच बहुतेक जण घसरतात. पैसे चोरायला म्हणून फार थोडे. जास्त करून भीतीपोटी. उपस्थिती कमी दिसली तर साहेब विचारतील, म्हणून थोडं वाढवून टाकायचं. मग वाढवलेल्या आकड्याएवढा तांदूळ वहीतून कमी होतो, कोठीत मात्र उरतो. आता उरलेल्या जास्तीच्या तांदळाचं काय करायचं? तो कुठेतरी 'जिरवावा' लागतो. भीतीने केलेली नोंद अशी तुम्हाला खरीखुरी अफरातफर करायला लावते. श्रावणात कमी जेवले, जत्रेला निम्मेच आले, तर निम्मेच लिहा. ॲपवरची नोंद त्याच दिवशी करा. रेंज नसेल तर शाळेच्या मागच्या टेकाडावर जाऊन करा. आम्ही सगळे तिथेच भेटतो.

पैसे, आणि बंद पडलं तर

१ मे २०२५पासून स्वयंपाकाच्या खर्चाचा दर लहानांना ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यांना १० रुपये १७ पैसे आहे. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तांदूळ यातून नाही, तो वेगळा. वरच्या ५४ आणि २३ मुलांचं गणित केलंत तर दिवसाला ६०० रुपये होतात. एवढ्यात ७७ जणांची डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस. त्यातही डाळ-तेल वस्तूरूपात आलं तर शाळेच्या खात्यात फक्त इंधन आणि भाजीपाल्याचा भाग येतो, आणि तो काही महिने उशिरा येऊ शकतो. कोथिंबीर मात्र रोख मागते.

नवे शिक्षक हा खड्डा स्वतःच्या पगारातून भरतात. थोडंफार सगळ्यांनाच करावं लागतं, मी नाकारत नाही. पण प्रत्येक खर्चाची पावती घ्या, भाजीवाल्या आजींकडून साध्या कागदावर अंगठा का होईना, आणि दर महिन्याला 'येणे रक्कम' मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा. तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. २०१५च्या मध्यान्ह भोजन नियमांत एक सोय आहे, ती फार जणांना ठाऊक नाही : धान्य किंवा खर्चाची रक्कम संपली तर जेवण चालू ठेवण्यासाठी मुख्याध्यापक शाळेचा दुसरा निधी वापरू शकतात, नंतर तो परत भरला जातो. ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्या. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्यांना दर महिन्याला कोठी उघडून दाखवायला हरकत काय? मी तर आग्रहाने दाखवते. गावात कुणी काही बोललं तर समितीतल्याच आई उत्तर देतात.

तरीही एखाद दिवशी धान्य नाही, गॅस नाही, मावशी नाही म्हणून जेवण झालं नाही, तर त्याच नियमांप्रमाणे मुलांना अन्न सुरक्षा भत्ता देय होतो : तेवढं धान्य आणि तेवढा स्वयंपाकाचा खर्च, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित करायची आहे. म्हणून जेवण झालं नाही तो दिवस लपवू नका. वहीत 'आहार दिला नाही, कारण गॅस संपला, मागणी अमुक तारखेला दिली' असं लिहिलेलं पान तुम्हाला वाचवतं आणि मुलांचा भत्ताही. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुट्टीतही आहार द्यायचा असतो. एप्रिलमध्येच मागणी पाठवा, मे उजाडल्यावर नको.

जास्तीचं काही

नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं, ज्यांना नको त्यांना केळं, असं सुरू केलं होतं. अंड्याच्या दिवशी आमची हजेरी वाढायची. मुलं सकाळी दारातच विचारायची. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबला, अंडी आणि गोड पदार्थ आता लोकसहभागातून करायचे आहेत. म्हणजे ज्या गावात दाते आहेत तिथे अंडं, आणि जिथे खरी गरज तिथे नाही. मला हे पटलेलं नाही, पण तुमच्या गावात दाते असतील तर मागायला लाजू नका.

त्यासाठी 'स्नेहभोजन' आहे, म्हणजे गावकऱ्यांनी मुलांना दिलेलं जेवण. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आजोबांचं वर्षश्राद्ध, गावकऱ्यांना निमित्त हवं असतं. तीन अटी आधीच सांगा : शाळेत, मावशींच्या देखरेखीखाली ताजं शिजवायचं, आदल्या रात्रीच्या लग्नातलं उरलेलं नाही. सगळ्या मुलांना द्यायचं. आणि मुलांच्या हातात ताट देतानाचे फोटो काढत जेवण थांबवायचं नाही.

परसबागेला मोठी जागा लागत नाही. हात धुण्याचं पाणी जिथे वाहून जातं तिथे कढीपत्ता, शेवगा, दुधी, पालक. आमच्या दोन शेवग्यांनी जुलै ते डिसेंबर भाजीची बरीच चिंता मिटवली. पाला डाळीत, शेंगा आमटीत. मोठी बक्षिसाची बाग करण्याच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका.

पुढच्या जूनमध्ये तुमची बदली झाली तर शेवटचा दिवस कोठीत घालवा. तांदूळ बाहेर काढा, काटा ओट्यावर ठेवा, नव्या माणसाला स्वतः आकडा वाचू द्या. रेघ मारलेले डबे दाखवा, गॅसची दुसरी शेगडी वाऱ्यावर विझते ते सांगा, मावशींचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये घाला. चहा नंतर प्या.